हा हिचा शेवट नाही

मित्रांनो, मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे आणि माझा शेवट वाईट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझ्या नावाने बोटं मोडायला नकोत. माझे कोपरे झिजलेत, शिवण सैल झालीय, मुखपृष्ठावरचा टोपीवाला माणूस अर्धा पुसला गेलाय. त्याचं मला काही वाटत नाही. वयाप्रमाणे हे व्हायचंच. माझी खरी जखम वेगळी आहे आणि ती मला माझ्या जन्मदात्यानेच दिली.

तो एका विमा कंपनीत कारकून होता. सकाळी कचेरीला जाण्याआधी जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा पुसून घ्यायचा आणि लिहायला बसायचा. त्याने रचलेली गोष्ट अशी. नदीकाठी लाकडाच्या वखारीचा एक मालक असतो. एके दिवशी तो रात्रीचा घरी परतत नाही. सकाळी लोक वखारीतल्या कचेरीपाशी जातात, तर दाराला कुलूप आणि किल्लीचा पत्ता नाही. दार फोडावं लागतं. आत मालक टेबलावर डोकं टेकून मेलेला. जावयाचं त्याच्याशी भांडण झालेलं, भागीदाराशी बोलणं बंद पडलेलं, त्यामुळे संशय त्या दोघांवर. सगळा गोंधळ माजतो. त्यात भान ठेवून वागतो तो एकटा वखारीचा दिवाणजी. तो डॉक्टरांना बोलावणं धाडतो, मालकिणीला पाणी पाजतो, लहान मुलांना शेजारी नेऊन ठेवतो. रोज उजाडताच वखारीत लाकडाच्या गाड्यांची रांग लागायची, तीही त्या दिवशी लागत नाही. शोकाच्या घरात कलकल नको म्हणून दिवाणजींनीच गाड्या थांबवल्या असतील, असं एक म्हातारा शेजारी कौतुकाने म्हणतो. ही झाली पहिली तीन प्रकरणं. पुढे चौकशी, भांडणं, जबान्या.

खुनी कोण हे लेखकाच्या मनात पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. हस्तलिखित त्याने आधी बायकोला वाचायला दिलं. शेवट वाचूनही तिने हस्तलिखित खाली ठेवलं नाही. पानं चाळत मागे गेली, सुरुवातीच्या एका पानापाशी थांबली आणि म्हणाली, "माझ्या डोळ्यांसमोरच होतं की हो हे." मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस. मी अजून छापूनसुद्धा झाले नव्हते.

प्रकाशकाला मात्र तो शेवट रुचला नाही. त्याचं म्हणणं, हुशार वाचकाला हा माणूस सुचेल. कुणाच्या स्वप्नातही येणार नाही असा खुनी आणा, म्हणजे वाचक चाट पडेल. लेखकाने थोडी हुज्जत घातली, पण छापील पुस्तकावर स्वतःचं नाव बघायची त्याला घाई झाली होती. त्याने रजा काढली आणि शेवटचं प्रकरण नव्याने लिहिलं. त्यात परदेशातून एक माणूस बोटीने येऊन उतरतो, तो मालकाचा जुळा भाऊ निघतो आणि कुणी फारसं विचारण्याच्या आतच सगळं कबूल करून मोकळा होतो. आधीच्या गोष्टीत त्याचं नखसुद्धा दिसलेलं नाही. स्वप्नात तर तो कुणाच्या येणारच नव्हता. ज्याची ओळखच नाही तो येईल कसा? लेखकाच्या बायकोने हा शेवटही वाचला आणि भांडी घासायला उठून गेली.

तशी मी छापली गेले. माझा पहिला मालक औषधांच्या दुकानात नोकरीला होता. त्याने मला गल्ल्यामागे उभ्याउभ्या वाचलं. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करून ताटकळत राहायचं आणि हा बोटाने खूण करून म्हणायचा, एवढं पान होऊ द्या. असं प्रेम कुणाला नको असतं? मी हवेत होते. मग शेवटचं प्रकरण आलं. त्याने ते वाचलं, मला मिटलं, पुन्हा उघडलं, आणि ती शेवटची पानं मुठीत धरून अशी ओढली की माझी शिवण उसवली. "फसवलं मेल्याने," एवढंच तो म्हणाला. त्या पानांत त्याने खोकल्याच्या गोळ्या बांधून दिल्या. मला रागावण्याचा हक्क नव्हता. रहस्यकथा वाचणारा माणूस लेखकाबरोबर पैज लावून बसलेला असतो. हरायला तो तयार असतो, किंबहुना हरायलाच आलेला असतो. पण पत्ते टेबलावर दिसत असताना हरवलं पाहिजे. बाहीतून पत्ता काढणाऱ्याकडून हरण्यात कसली मजा?

पुढे कधीतरी औषधांची खोकी पोचवताना त्याने मला इस्पितळातल्या पुस्तकांच्या पेटीत टाकलं. अशी मी बायकांच्या हाडांच्या वॉर्डात आले.

त्या वॉर्डात बायका महिनोन्‌महिने पडून असत. भिंती खालून हिरव्या, वरून पांढऱ्या. मला प्रथम हातात घेतलं पोस्टातल्या बाईंनी. त्यांचं मांडीचं हाड मोडलं होतं आणि पायाला वजनं लटकवली होती. पोस्टाच्या खिडकीत बसून जन्मभर "पुढे सरका" म्हणून म्हणून त्यांचा आवाज असा तयार झाला होता, की मनातल्या मनात वाचायचं म्हटलं तरी शेजारच्या खाटेला ऐकू जायचं. शेजारच्या खाटेवर वहिनी होत्या.

वहिनी साऱ्या वॉर्डाच्या वहिनी झाल्या त्या त्यांच्या दिरामुळे. दर रविवारी तो फळांची पिशवी घेऊन यायचा आणि दारातूनच "काय वहिनी, कसं काय?" अशी हाक द्यायचा. मग सिस्टरही त्यांना वहिनीच म्हणू लागल्या. वहिनींच्या मणक्याला क्षय झाला होता. प्लॅस्टरच्या साच्यात त्या उताण्या पडून असत. पुस्तक हातात धरलं तर दोन मिनिटांत दंड भरून येत. म्हणून पोस्टातल्या बाईंनी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. दुपारची जेवणं उरकली की वाचन सुरू व्हायचं. हळूहळू आजूबाजूच्या खाटाही ऐकू लागल्या. फरशी पुसणाऱ्या मावशी नेमक्या त्याच वेळी आमच्या बाजूची फरशी पुसायला यायच्या.

प्रकरण संपलं की गप्पा निघत. तशा एका गप्पांत वहिनींनी आपली हकिगत सांगितली. रडून वगैरे नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, शेजारणीची सांगतायत. त्यांचा नवरा कापडगिरणीत कोठारावर रात्रीचा पहारेकरी होता. धाकटा दीरही त्याच गिरणीत होता, पॅकिंगला. रात्री भावाचा डबा तोच कोठारावर पोचवायचा. एका रात्री कोठारातले तागे गेले. कुलूप शाबूत आणि किल्ली पहारेकऱ्याच्या कमरेला. पाळी संपवून तो नेहमीसारखा घरी येऊन झोपला होता. दुपारी मालकाच्या माणसांनी कोठार उघडलं तेव्हा कुठे चोरी कळली, आणि ते त्याला झोपेतून उठवून घेऊन गेले. सिद्ध काहीच झालं नाही, पण नोकरी गेली. नाव गेलं. लोक दारावरून जाताना बोलणं थांबवायचे. पुढे तो बांधकामावर पाणी मारायचं काम करायचा आणि घरी येऊन बायकोला विचारायचा, कोण असेल गं? मरेपर्यंत तो हेच विचारत राहिला.

"भाऊजी नसते तर आम्ही उभ्या राहिलोच नसतो," वहिनी म्हणाल्या. मुलीचं शिक्षण त्यानेच केलं, लग्नात मांडवात तोच उभा राहिला. आणि त्या दिवशीसुद्धा, घरात पिठाचा कण नसताना सकाळीच तो पीठ, दूध, भाजी आणून टाकून गेला होता. जाताना म्हणाला होता, "वहिनी, काही झालं तरी मी आहे." म्हणून त्या संध्याकाळी पोरीच्या पोटात काहीतरी गेलं. आता इथून सुटल्यावरही वहिनी त्याच्याकडेच राहणार होत्या. मुलगी सासरी, तिची एक खोली, त्यात माणसं दाटीवाटीने. दिराने खालची खोली रिकामी करून ठेवली होती. असा दीर मिळायला नशीब लागतं, असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या आणि वॉर्डानेही ते मान्य केलं.

वाचत वाचत पोस्टातल्या बाई अखेर त्या जागी येऊन पोचल्या जिथे मी फाटलेली आहे. चौकशी करणारा अधिकारी सगळ्यांना मालकाच्या दिवाणखान्यात बसवतो, दार लावून घेतो आणि म्हणतो, "खुनी या खोलीत आहे." त्यापुढे काही नाही. नुसते दोरे.

वॉर्ड हळहळला. मावशींनी बादली खाली ठेवली. कुणीतरी त्या अज्ञात फाडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पोस्टातल्या बाईंना वाटलं, इतक्या बायकांना असं लटकत ठेवणं बरं नाही. त्यांनी डोळ्यांपुढे धरलेल्या कोऱ्या आवरणावरून वाचल्यासारखं करून जावयालाच खुनी ठरवून टाकलं.

वहिनी म्हणाल्या, हे काही पुस्तकातलं नाही. जावई त्या रात्री दवाखान्यात बायकोजवळ होता, हे आधीच सांगितलंय.

पोस्टातल्या बाई ओशाळल्या. मग त्यांनी दुसरा एक शेवट जुळवून पाहिला. म्हणाल्या, मालकाचा कुणी भाऊ वगैरे असेल बाहेरगावी, जुळाबिळा, तो येऊन मारून गेला असेल. मित्रांनो, मला तिथल्या तिथे मिटून घ्यावंसं वाटलं.

वहिनी हसल्या. म्हणाल्या, "हा कोण नवीन? याला तर आपण कधी बघितलंसुद्धा नाही. अनोळखी माणसाने मारलं तर त्यात हाय खाण्यासारखं काय आहे? वाईट कधी वाटेल? ज्याच्या हातचं पाणी प्यायलो त्याने केलं, असं कळलं तर."

मग छताकडे बघत म्हणाल्या, तिसरं प्रकरण परत वाचा. पोस्टातल्या बाईंनी वाचलं. गाड्यांच्या वाक्यापाशी वहिनींनी थांबवलं. गाड्या कुठून यायच्या, असं विचारलं. पहिल्याच प्रकरणात होतं ते: नदीपलीकडच्या जंगलातून, अंधारात निघून उजाडता पोचायच्या.

"म्हणजे गाड्यांना येऊ नका म्हणायचं तर निरोप आदल्या दिवशीच गेला पाहिजे," वहिनी सावकाश म्हणाल्या. "दार तर सकाळी फोडलं. मालक मेलाय हे आदल्या दिवशी कुणाला माहीत होतं?"

मग एकेका खाटेवरून दबका आवाज उठला, अगं हो की, अगं हो की गं. तो आवाज मी माझ्या पानांत जपून ठेवलाय. दिवाणजी पहिल्या प्रकरणापासून त्यांच्यासमोर होता. त्याने पाणी पाजलं, पोरं सांभाळली, आणि प्रत्येकीने मनातल्या मनात त्याला चांगला म्हटलं होतं. आता तीच सगळी चांगली वागणूक उलटी फिरून दिसू लागली. एक शब्द नवा आला नव्हता. जुनेच शब्द होते, फक्त त्यांची दुसरी बाजू वर आली होती. माझ्या लेखकाच्या बायकोनंतर मला असं कुणी वाचलं नव्हतं, आणि माझ्या लेखकाने जो शेवट फेकून दिला तो या बाईने छताकडे बघत परत मिळवला होता.

वॉर्डभर आनंदीआनंद झाला. मावशी प्रत्येक खाटेपाशी जाऊन ते पुन्हा समजावून सांगत होत्या. वहिनी मात्र गप्प झाल्या. दुपारचा चहा तसाच निवला. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, काय झालं, पाठ दुखतेय का?

"बाई," वहिनी म्हणाल्या, "चोरी दुपारी कळली. पीठ सकाळी कसं आलं हो?"

पोस्टातल्या बाईंना आधी काही समजलं नाही. समजलं तेव्हा त्यांनी मला मिटून उशीखाली ठेवलं. मला वाटतं, मी पुढचं ऐकू नये म्हणून.

पण मी ऐकलं. रविवारी दीर आला. दारातून नेहमीची हाक दिली, स्टूल ओढून बसला आणि संत्रं सोलायला घेतलं. सगळी साल एका लांब पट्टीत काढायची त्याची सवय होती; वॉर्डातल्या बायका ती बघायच्या. वहिनींनी त्याच्या मुलांची चौकशी केली, खालच्या खोलीत ओल येते का विचारलं. मग त्याच सुरात म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवशी सकाळी तुम्ही पीठ घेऊन आला होतात."

"आता ते कुठे आठवायचं, वहिनी."

"मला आठवतंय. हे आत झोपले होते. तुम्ही म्हणालात, काही झालं तरी मी आहे. काय होणार होतं?"

साल मध्येच तुटली. त्याने तुटलेला तुकडा उचलून पिशवीत टाकला. मग उरलेलं संत्रं तो सोलतच राहिला, वरचे पांढरे दोरेसुद्धा एकेक करून काढले. शेजारच्या खाटेवर पोस्टातल्या बाई डोळे मिटून पडल्या होत्या. श्वासावरून कुणालाही कळलं असतं की जाग्या आहेत.

"माझी मुलं लहान होती, वहिनी," तो म्हणाला.

"माझी पण होती."

एवढंच. त्याने फोडी वहिनींच्या तळहातावर ठेवल्या, निघतो म्हणाला आणि पुढच्या रविवारी येईन असंही म्हणाला. वहिनींनी त्या फोडी हातातच धरून ठेवल्या. शेवटी मावशींनी त्यांची मूठ उघडून हात पुसला.

पोस्टातल्या बाई नंतर चिडून बोलल्या. कुणाला तरी सांगा, म्हणाल्या, अर्ज करा, त्याला चारचौघांत उभा करा. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. गिरणी बंद पडली होती. मालकाची मुलं कुठे गेली कुणाला ठाऊक नव्हतं. ज्याला ऐकायचं होतं तो तर केव्हाच गेला होता.

"पुस्तकात सगळ्यांना एका खोलीत बसवतात," वहिनी म्हणाल्या. "मी कुणाला बसवू? आणि खोली कुणाची? खोलीसुद्धा त्याचीच आहे."

तेव्हा मला माझ्या जातीचं एक गुपित कळलं. आमच्या गोष्टीत खुनी सापडला की पुस्तक संपतं. वाचणारा समाधानाने दिवा मालवतो. सापडल्यानंतर त्याच माणसाच्या हातचं खाऊन पुढची वर्षं काढायची, असं प्रकरण आमच्यात कुणी लिहीत नाही. तसं लिहिलं तर कोण विकत घेईल?

तो पुढच्या रविवारी आला, त्यापुढच्याही. फळं आणली. आता दारातून हाक देत नसे. बायका म्हणाल्या, वहिनींच्या काळजीने बिचारा खंगला. वहिनींनी त्यांना दुरुस्त केलं नाही. मुलीला निरोप धाडून पाहिला; मुलगी येऊन रडली आणि म्हणाली, आई, काकांकडेच तुझं नीट होईल, आमच्याकडे तर पाय ठेवायला जागा नाही. वहिनींनी मुलीला काही सांगितलं नाही. तिचं शिक्षण, तिचं लग्न, सगळ्याला त्याचाच हात लागलेला होता. तिला सांगून काय काढून घेणार?

साचा काढून अंगाला पट्टा बांधला त्या दिवशी दीर टॅक्सी घेऊन आला. वहिनींना आधाराशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, दिरांच्या खांद्यावर हात ठेवा. वहिनी जरा थांबल्या. मग ठेवला. वॉर्डातल्या बायकांनी हात हलवून निरोप दिला आणि काहींनी डोळे टिपले, केवढं प्रेम म्हणून. पोस्टातल्या बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

त्यानंतर काही दिवसांनी एक नवीन सिस्टर आली. मोठी हौशी मुलगी. पुस्तकांच्या पेटीतली फाटकी पुस्तकं घरी नेऊन चिकटवायची. तिला कुठूनशी माझी दुसरी प्रत मिळाली. तिने शेवटच्या प्रकरणाच्या झेरॉक्स काढल्या, सारख्या कापल्या आणि मला नीट डिंकाने चिकटवल्या. माझा जुळा भाऊ परत आला. सिस्टरने मला कौतुकाने पोस्टातल्या बाईंच्या हातात दिलं. म्हणाली, घ्या, तुमचा शेवट सापडला.

बाईंनी तो वाचला, या वेळी खरोखर मनातल्या मनात. मग म्हणाल्या, "सिस्टर, हा हिचा शेवट नाही."

"अहो बाई, तेच पुस्तक आहे. नाव बघितलं, पानांचे आकडे जुळवले."

"पुस्तक तेच असेल," बाई म्हणाल्या आणि मला परत दिलं.

सिस्टर हिरमुसली. तिचं काय चुकलं होतं? त्यानंतर मी पुष्कळ हातांत गेले. लोक भराभर वाचतात, जुळ्या भावापाशी पोचतात, हॅत म्हणतात आणि मला खाटेच्या पायथ्याशी टाकतात. आता मी पट्ट्या आणि कापसाच्या खोक्यांबरोबर एका कपाटात आहे. वहिनींचं पुढे काय झालं मला माहीत नाही. खालच्या खोलीत ओल येते की नाही, तेही कळलं नाही. कधी वाटतं, त्या बाईला तिच्या जन्माचं उत्तर माझ्यामुळे मिळालं. कधी वाटतं, त्या औषधवाल्याने शेवटच्या पानांबरोबर ते गाड्यांचं पानही फाडलं असतं, तर तिने ते संत्रं तरी सुखाने खाल्लं असतं.

तेव्हा मित्रांनो, पुस्तकं जपून हाताळा, पानं फाडू नका, हे तर तुम्हाला शाळेत सांगतातच. माझी विनंती जरा वेगळी आहे. कुणाला वाचून दाखवायला बसलात, तर एक डोळा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असू द्या. गोष्ट रंगात आलेली असेल, बाकी सगळे पुढे काय म्हणून मागे लागलेले असतील. पण ऐकणारं एखादं माणूस मध्येच गप्प झालं, तर लगेच पुढचं पान उलटू नका.